पणजीच्या शिक्षणाचा रकाना

सोलापूर
रविवार, दुपार

चि. माऊ,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू घाईत होतीस. कॉलेजच्या प्रकल्पासाठी घरातल्या एका बाईची माहिती भरून द्यायची होती आणि तू पणजीला निवडलंस, याचा मला फार आनंद झाला. तू फॉर्म वाचत गेलीस, मी सांगत गेले. जन्मसाल? नक्की कुणालाच ठाऊक नाही, १९२४-२५ धर. जन्मगाव? भीमेच्या काठचं. व्यवसाय म्हटल्यावर मी जरा थांबले, तेवढ्यात तू ‘गृहिणी’ लिहून मोकळी झालीस. मग म्हणालीस, ‘‘आई, शिक्षणाच्या रकान्यात निरक्षर लिहू ना?’’

मी हो म्हणाले. माझ्या आज्जीला, म्हणजे तुझ्या पणजीला, लिहिता-वाचता येत नव्हतं, हे खरंच आहे. फोन ठेवला, कुकर लावला, आणि मग काही केल्या मन कशात लागेना. त्या एका शब्दापायी आज हे पत्र लिहायला बसले आहे. फोनवर इतकं बोलणं झालं नसतं, मधेच तुझा डबा आला असता नाहीतर मैत्रीण आली असती.

बाहेर संध्याकाळच्या नंदीध्वजांच्या सरावाची तयारी चाललीय. सिद्धेश्वराच्या गड्ड्याची जत्रा चार दिवसांवर आलीय. उद्या पहाटे पाणी यायचं आहे, म्हणून आज भांडी रिकामी करून ठेवलीत.

तू याच गावात वाढलीस. तुझ्यासाठी सोलापूर म्हणजे शाळा, क्लास, ऊन आणि चार-पाच दिवसांनी येणारा नळ. पुण्याला गेल्यावर तू मला म्हणालीस, ‘‘इथं रोज पाणी येतं गं!’’ तुझ्या आवाजात सुटका होती, आणि मी ती समजू शकते. पण माझ्यासाठी हेच गाव सुट्टीचं होतं. आम्ही ठाण्याला दोन खोल्यांत राहायचो. वर्षभर मी दोन गोष्टींची वाट पाहायची, मे महिना आणि दिवाळी. इतर मुली महाबळेश्वर, माथेरान म्हणायच्या, मी सोलापूर म्हणायचे. तिथं काय आहे, असं त्या विचारायच्या. मला सांगता यायचं नाही. आज सांगून बघते.

रात्रीच्या गाडीत दौंड झोपेत जायचं. कुर्डुवाडीला आई हलवून उठवायची, कारण तिथं पलीकडच्या बाजूला बार्शी लाइटची छोटी गाडी उभी असायची आणि ती पाहिल्याशिवाय माझी सुट्टी सुरू व्हायची नाही. मोहोळ मागं पडलं की काळी रानं उजळायला लागायची. स्टेशनबाहेर टांगा. घोड्याच्या लिदीचा, भिजवलेल्या गवताचा वास. टांगा बाळी वेशीकडं वळला की मी उभीच राहायचे, आणि आई फ्रॉक धरून खाली बसवायची.

आज्जीचं घर माळवदाचं होतं. तू ते पाहिलं नाहीस, तुझ्या जन्माआधीच तिथं स्लॅब पडला. जाड भिंती, वर मातीचं धाबं, आत शिरलं की डोळ्यांपुढं अंधार आणि अंगाला गारवा. बाहेर ४२-४३ अंश आणि आत आम्ही सात नातवंडं गार फरशीवर पालथी पडलेली. रात्री सगळ्यांची अंथरुणं माळवदावर. पहाटे वारं सुटलं की आज्जी प्रत्येकाच्या अंगावर चादर ओढत फिरायची. जड सोलापुरी चादर, धुऊन धुऊन मऊ झालेली. तिच्या त्या फिरण्याची मला जाग यायची आणि मी झोपेचं सोंग घ्यायचे, म्हणजे ती परत एकदा येईल.

ओसरीच्या कोपऱ्यात जमिनीत पुरलेलं उखळ होतं, आणि इथंच मला तुझ्या फॉर्मातला दुसरा रकानाही दुरुस्त करायचा आहे. आज्जी शेंगा चटणी करून विकायची. आजोबांची गिरणीतली नोकरी सुटल्यावर घर त्या उखळावर चाललं, दोन मामांची शिक्षणं आणि माझ्या आईचं लग्न त्यातून झालं. तेव्हा व्यवसायापुढं ‘शेंगा चटणी तयार करून विकणे’ असं स्वच्छ लिही.

तिची चटणी कशी व्हायची, ते सांगते. शेंगदाणे मंद आचेवर भाजायचे, घाई केली तर बाहेरून करपतात आणि आत कच्चे राहतात. सालं चोळून सुपात पाखडायची. मग उखळात लसूण, जिरं, मीठ, तिखट आणि दाणे, आणि मुसळ. दहा मिनिटांनी भुगा होतो. ‘‘झालं का आज्जी?’’ ‘‘न्हाई.’’ अजून कुटायचं. हळूहळू दाण्याला तेल सुटायला लागतं, भुग्याचे गोळे बनतात, मुसळाचा आवाज बदलतो. कोरडा ठक्‌ठक् असतो, तो जड, ओला व्हायला लागतो. आज्जी चटणीकडं बघायचीच नाही. पाठ करून भाजी निवडत बसायची आणि आवाज बदलला की म्हणायची, ‘‘आता थांब.’’ मिक्सरमध्ये तेल सुटण्याआधीच पीठ होतं. तुला डब्यातून देते ती चटणी मी आजही कुटूनच करते, तेव्हा रूममधल्या मुलींना वाटताना हे लक्षात असू दे.

सोबतीला तिच्या कडक भाकरी. ज्वारीची पातळ भाकरी चुलीपाशी उभी करून मंद धगीवर वाळवलेली, पापडासारखी मोडणारी. पंधरा-पंधरा दिवस टिकायची. आमटीत चुरून खायची.

हिशेब भिंतीवर. एका गिऱ्हाइकाची एक ओळ, एका मापाची कोळशाची एक उभी रेघ, पैसे आले की आडवी रेघ मारून मोडायची. सणासुदीला अख्खी भिंत भरायची. तिला गिऱ्हाइकांची नावं लिहिता येत नव्हती, म्हणून प्रत्येकाला खूण होती: चष्मा, छत्री, शिट्टी. शिट्टी म्हणजे शाळेतले खेळाचे मास्तर. एकदा मामानं घर सारवताना भिंत पुसली. आज्जीनं कपाळाला हात लावला, घटकाभर डोळे मिटून बसली, आणि सगळं परत काढलं. एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आली नाही.

भाषा तिला तीन यायच्या. घरात मराठी. पाटी घेऊन दारात येणाऱ्या भाजीवालीशी कानडी. शेजारी पद्मशाली कुटुंब होतं, चादरीचा माग चालवायचं, त्या काकूंशी तेलुगू. कुठल्याही शाळेत न जाता, कानानं उचललेल्या. आम्हा ठाण्याच्या पोरांना तोंडात बोट घालायला लागायचं, कारण ती एका दमात तिन्हींत बोलायची आणि कुणालाच त्यात विशेष वाटायचं नाही. सोलापुरात आजही नाही वाटत.

संध्याकाळी ती आम्हाला सिद्धेश्वरला न्यायची. तळ्यातल्या देवळात वारा असायचा, भुईकोटाच्या तटाची सावली पाण्यात पडलेली असायची. प्रत्येक वेळी ती सांगायची की हे तळं आपसूक झालेलं नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून ते खणवलं. (बारावं शतक हा शब्द माझा, ती ‘लई जुन्या काळी’ म्हणायची.) आणि मग घरी आल्यावर हात-पाय धुवायला प्रत्येकी एक तांब्या. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, आंघोळीचं कडुलिंबाच्या बुडाशी. पाणी सांडलं तर ती रागवायची नाही, सांडलेल्या पाण्याकडं नुसती बघत उभी राहायची. त्यापेक्षा रागवलेलं परवडलं असतं. तू पुण्यात नळ चालू ठेवून दात घासत नाहीस, हे तुझ्या मैत्रिणीनंच मला सांगितलं. ते कुठून आलं, तुला कदाचित ठाऊक नसेल.

पण मला सांगायची आहे ती दुपार.

जेवणं झाली की मोठी माणसं लवंडायची. आज्जी झोपायची नाही. उंबऱ्याजवळ शेंगांची पाटी घेऊन फोडत बसायची आणि आमच्यापैकी एकाला हाक मारायची. शेजारच्या घरचा ‘संचार’ पेपर त्यांचा वाचून झाला की दुपारी आमच्याकडं यायचा. तो तिला मोठ्यानं वाचून दाखवायचा, हा नियम. पाळी ठरलेली. आधी मोठ्या बातम्या, मग बाजारभाव, मग निधनाच्या बातम्या, त्या तिला फार महत्त्वाच्या वाटायच्या.

मी तेव्हा तिसरीत असेन. वाचायचा मला फार अभिमान होता. मी घडाघडा वाचायला लागले, ‘‘काल महापालिकेची सभा तहकूब झाली.’’

आज्जीचा हात थांबला. ‘‘म्हणजे काय?’’

‘‘म्हणजे झाली.’’

‘‘झाली म्हणजे? संपली का मोडली?’’

मला सांगता येईना.

‘‘तुला वाचाय येतंय की. मग सांग की.’’

तिच्या बोलण्यात टोमणा अजिबात नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि वाचता येणाऱ्याला अर्थ कळत असणारच, असा तिचा पक्का विश्वास होता. ‘‘जा, विचारून ये,’’ म्हणाली. मी उन्हात पळत कोपऱ्यावरच्या निवृत्त मास्तरांकडं गेले. त्यांनी सांगितलं, तहकूब म्हणजे आज थांबवली, पुढं कधीतरी होणार. परत येऊन मी आज्जीला सांगितलं. तिनं मान हलवली, चार दाणे आणि गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला. ‘‘असं हाय व्हय. बरं, पुढं वाच.’’

त्यानंतर किती शब्द गेले त्या उंबऱ्यावरून! अवर्षण. अध्यादेश. चलनवाढ. बिनविरोध. प्रत्येकाला तिचा हात थांबायचा. हळूहळू मी आधीच घाबरायला लागले. सकाळीच शेजारी जाऊन पेपर चाळायचे, अडणारे शब्द मास्तरांना विचारून ठेवायचे, आणि दुपारी ऐटीत वाचायचे. आज्जीच्या ते लक्षात आलं होतं, असं मामी नंतर म्हणाली. एकदा तिनं मी तयार केलेला एकही शब्द विचारला नाही, आणि भलत्याच सोप्या ठिकाणी थांबवलं. ‘‘‘गरिबांसाठी योजना’ म्हणजे काय? कोण गरीब धरत्यात? आपण हाव का त्यात?’’ बातमीत ते लिहिलेलंच नव्हतं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की छापलेल्या कागदातही काही गोष्टी राहिलेल्या असतात.

एका वर्षी माझ्या शाळेला काही कारणानं जानेवारीत सुट्टी मिळाली आणि आई आम्हाला गड्ड्याला घेऊन आली. ती अक्षता मला अजून दिसते. पांढरी बाराबंदी घातलेली हजारो माणसं, सात नंदीध्वज, संमती कट्ट्यापाशी हवेत उडणारे तांदूळ. कुंभारकन्येनं सिद्धरामांशी लग्नाचा हट्ट धरला, ते योगी, म्हणून तिचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागलं, ही गोष्ट आज्जीनं मला गर्दीत कडेवर घेऊन सांगितली. पण त्याच आठवड्यातली दुसरी गोष्ट जास्त लक्षात राहिली. १२ जानेवारीला पेपरात चार हुतात्म्यांवर लिहून आलं होतं. वाचायची पाळी माझी. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३१ साली याच दिवशी येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं. वाचताना मी एक नाव गाळलं, ओळ सुटली होती. आज्जी लगेच म्हणाली, ‘‘चौथा कुठाय?’’ तिला चारही नावं पाठ होती. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ लागला तेव्हा आजोबा गिरणीच्या चाळीत राहणारं पोर होते, त्यांनी ती तिला सांगितलेली. त्या दिवशी तिनं अर्थ विचारला नाही. शेंगाही फोडल्या नाहीत.

हा ‘म्हणजे काय’ कुठून आला, ते मला फार उशिरा कळलं. मी नोकरीला लागल्यावर थोरल्या मामानं सांगितलं. आजोबांची गिरणी सुटली आणि वर्षाच्या आत ते गेले. हिशेबाचे पैसे घ्यायला आज्जी एकटी गेली. कुणीतरी कागद पुढं केला, इथं अंगठा लावा म्हणालं. तिनं विचारलं, काय लिहिलंय? ‘‘तुमचे पैसे मिळणार असं लिहिलंय.’’ तिनं लावला. मिळाले ते फार थोडे. उरलेल्यावर आपला हक्क नाही, असं त्या कागदात होतं, हे तिला दोन महिन्यांनी समजलं. मामा म्हणाला, आठवडाभर ती कुणाशी बोलली नाही, आणि आठव्या दिवशी कुणाकडून तरी उसने पैसे आणून शेंगदाण्याचं पोतं घेऊन आली. त्याच वर्षी दुपारचं वाचन सुरू झालं. तेव्हा मामा सातवीत होता, म्हणजे पहिला वाचक तो.

आता जे लिहिते आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या बाबांनाही.

सातवी संपली त्या मे महिन्यात मी ठरवलं, आज्जीला शिकवायचं. नवी पाटी आणली. ती लाजली, पण बसली. मी अ पासून सुरुवात केली. ती म्हणाली, ‘‘मला आधी शेंगा लिहायला शिकव की.’’ मी म्हटलं, तसं नसतं, आधी अ-आ-इ-ई. मला शाळेत तसंच शिकवलं होतं. ती गिरवायची. मुसळ धरणारे हात, पेन्सिल इतकी दाबायची की तुटायची. पाच दिवसांत ती उ पर्यंत आली. सहाव्या दिवशी इ विसरली. सगळे बसलेले होते, मामी, भावंडं, शेजारच्या काकू, आणि मी आमच्या बाईंच्या आवाजात म्हणाले, ‘‘अगं आज्जी, कालच तर सांगितलं! डोकं कुठंय तुझं?’’

सगळे हसले. आज्जीही हसली. पाटी पदरानं पुसली आणि भिंतीला टेकवून ठेवली. ‘‘डोळ्याला दिसंना झालंय बाळा,’’ म्हणाली. मी खेळायला गेले. दुसऱ्या दिवशी तिनं पाटी मागितली नाही, मीही काढली नाही. पुढच्या वर्षी आले तेव्हा त्या पाटीवर मामेभाऊ चित्रं काढत होता.

तेव्हा तुझ्या त्या रकान्यातल्या शब्दात माझाही हात आहे, माऊ. एकोणतीस वर्षं मी पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवते आहे, आणि दरवर्षी जूनमध्ये पहिल्या दिवशी मी अ काढत नाही. प्रत्येक पोराला विचारते, तुला कोणता शब्द लिहायचाय? कुणी ‘आई’ सांगतं, कुणी ‘ट्रॅक्टर’, एकानं ‘बिर्याणी’ सांगितलं होतं. तिथून सुरुवात करते. अधिकारी येतात, पुस्तकाबरहुकूम का नाही, असं विचारतात. मी सांगते काहीतरी. खरं कारण ते वरचं आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मात्र आणखी एक ठिकाण असायचं. ते नीट सांगितलं नाही तर पत्र अर्धं राहील. भाऊबीजेला आज्जी माहेरी जायची, आणि तिच्यामागं आमची सगळी पलटण. लाल एसटीनं फाट्यापर्यंत, पुढं आज्जीच्या भावाची बैलगाडी. दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढी ज्वारी. गाडी नदीकडं उतरायला लागली की आज्जी बदलायची. खरंच बदलायची. पदर खोचायची, पाय गाडीबाहेर सोडून बसायची. तिचा भाऊ तिला लहानपणच्या नावानं हाक मारायचा आणि ती ओ द्यायची. आज्जीला कुणी अरे-तुरे करतं, तिला कुणी लहान समजतं, हे आम्हाला फार चमत्कारिक आणि फार गोड वाटायचं.

आणि ती पोहायची! साठीची बाई, नऊवारीचा काष्टा घट्ट मारून, भीमेच्या पाण्यात सरळ आत. आम्ही काठावर रांगेनं बसलेलो, बेंबीपर्यंतच्या पाण्यातही जायला भिणारे ठाण्याचे. ती मधे जाऊन उलटी व्हायची, पाठीवर तरंगायची, आभाळाकडं बघत. तिच्या भावाला विचारलं तर तो म्हणाला, लग्नाआधी हीच आम्हा सगळ्यांना शिकवायची. गावात ती तांब्यानं पाणी मोजायची, इथं पाण्यात पडून राहायची. वर्षातले चार दिवस.

तिथून एक दिवस कुडलला. हत्तरसंग कुडल, जिथं सीना येऊन भीमेला मिळते. तू सहावीत असताना आपण गेलो होतो, आठवतं? ते बहुमुखी शिवलिंग, साडेतीनशेच्या वर मुखं कोरलेली. तू मोजायला बसलीस आणि ऐंशीच्या पुढं चुकून रडकुंडीला आलीस. ते लिंग आज्जीनं पाहिलंच नाही, तिच्यानंतर मातीखालून वर आलं. आमच्या वेळी संगमेश्वराचं काळ्या दगडाचं देऊळ, चिंचा, आणि दोन पाण्यांचा आवाज. कुणीही नसायचं. आम्ही खांबांआड लपाछपी खेळायचो आणि आज्जी सभामंडपात पाय पसरून बसायची.

एकदा तिनं मला हाक मारली. वर बोट दाखवलं. तुळईवर अक्षरं कोरलेली होती.

‘‘हे काय लिवलंय? वाच की.’’

मी मान वर करून बघितलं. जुन्या वळणाची अक्षरं, झिजलेली. एखादं ओळखीचं वाटायचं आणि निसटायचं. मी बराच वेळ बघत राहिले. मला वाचता येत नव्हतं. पाटीच्या त्या प्रकाराला तेव्हा सहाच महिने झाले होते. मला वाटलं, आता ही मला काहीतरी म्हणेल.

ती म्हणाली, ‘‘राहू दे. मान दुखंल. मी बी ल्हानपणापास्नं बघतीय. कोण तरी वाचंल कधी तरी.’’

मग मी एम.ए.ला मराठी घेतलं. एक दिवस वर्गात सरांनी मराठीतल्या अगदी जुन्या शिलालेखांबद्दल शिकवायला घेतलं आणि फळ्यावर लिहिलं, कुडल. शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८. सोलापूरचेच शिलालेखांचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी वाचलेला लेख. माझ्या अंगावर काटा आला. खेळताना ज्या खांबांना मी मिठ्या मारल्या होत्या, त्यांच्या डोक्यावर माझ्या भाषेतली जवळजवळ हजार वर्षांपूर्वीची ओळ होती. त्या शनिवारी मी रात्रीची गाडी पकडली.

आज्जी तेव्हा सत्तरीची. मोतीबिंदू झालेला, कुटणं मामीकडं गेलेलं, पण शेंगा फोडणं चालू. मी उंबऱ्यावर तिच्यापुढं बसले आणि म्हटलं, आज्जी, कुडलच्या तुळईवर काय लिहिलंय ते कळलं. तिचा हात थांबला.

मी म्हटलं, ‘‘वाछि तो विजेया होईवा.’’

‘‘म्हणजे काय?’’

‘‘म्हणजे, हे जो वाचील तो विजयी होईल.’’

ती गप्प झाली. शेंग बोटांत तशीच. बऱ्याच वेळानं म्हणाली, ‘‘आणि ज्याला वाचून दाखवलं, त्याचं?’’

मला उत्तर देता आलं नाही. इतकी वर्षं झाली, इतकी पुस्तकं झाली, अजून देता येत नाही. त्या वेळी मी फक्त तिच्या पाटीतल्या शेंगा घेऊन फोडायला लागले. नंतर ती म्हणाली, ‘‘बरं केलंस आलीस ते. पेपर कुठाय बघ.’’ मी पेपर वाचायला घेतला. निधनाच्या बातम्यांपर्यंत आले तेव्हा तिला डुलकी लागली होती. तीन वर्षांनी ती गेली.

पुढं लग्न होऊन मी याच गावात आले. स्थळ सोलापूरचं आहे म्हटल्यावर आई जरा नाराज होती, तिला मुंबईतलं हवं होतं. मी लगेच हो म्हणाले. तुझ्या बाबांना आजही वाटतं की ते त्यांना बघून होतं. ते होतंच, पण टांगा बाळी वेशीकडं वळायचा, तेही होतं.

तुला फोटोही हवा आहे. एकच आहे, तुझ्या मामाआजोबांच्या लग्नातला. सगळे समोर बघताहेत, आणि आज्जी मागं वळलेली, बहुतेक कुणाला तरी जेवायला बस म्हणत असणार. तिचा अंबाडा दिसतो, एक कान आणि वर उचललेला हात. तोच स्कॅन करून पाठवते. दुसरा काढायला हवा होता, हे आम्हाला ती गेल्यावर सुचलं.

रकान्यात काय लिहायचं, ते मी सांगणार नाही. ‘निरक्षर’ ठेवलंस तरी मला राग नाही, खरंच नाही. तुझ्या बाईंना जे हवं असेल ते बघ. पण प्रकल्प लिहून झाला की देण्याआधी मला फोन कर आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखव. सावकाश. रविवारी दुपारी कर, मी शेंगा घेऊन बसेन. आणि मधेच कुठं मी ‘म्हणजे काय’ विचारलं, तर चिडू नकोस.

जेवणाची हेळसांड करू नकोस. रात्री जागून वाचायचं असेल तर दुपारी झोप.

तुझी,
आई

ता. क. बाबा बुधवारी पुण्याला येताहेत. त्यांच्याबरोबर चटणीचा डबा आणि कडक भाकरी पाठवते. भाकरी वरच्या पिशवीत ठेवायला सांगितल्यात, म्हणजे मोडणार नाहीत. डबा परत पाठव, तो आज्जीचा आहे.